सात नंबरचा पंखा

"मॅडम, सात नंबर गेला!"

मी फळ्याकडे तोंड करून परीक्षेच्या तारखा लिहीत होते. वळून पाहीपर्यंत तीन नंबरही गेला. मग नऊ. कॉम्प्युटरचा पडदा एकदम काळा व्हायचा, डब्यातली घरघर खाली खाली जात थांबायची आणि समोरची मुलगी दोन्ही हात वर धरून बसायची, जणू तिनंच काही केलंय.

"हात खाली घ्या गं," मी म्हणाले. "पोलीस नाही आलेत."

मुली हसल्या. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. एक वाजला तेव्हा दहापैकी दोनच कॉम्प्युटर चालू होते. तेही मुलींनी वहीनं वारा घालून टिकवले होते.

१९९८ सालचा मे महिना, अठरा तारीख, सोमवार. तारखा माझ्या अजून लक्षात राहतात. काल रात्री काय जेवले ते विचारू नका. मूर्तिजापुरात माझी टायपिंगची संस्था होती. चोवीस वर्षं टाइपरायटर चालवले आणि शेवटी काळाची पावलं ओळखून सहाशे शहाण्णवच्या दिवाळीत, म्हणजे शहाण्णव सालच्या, दहा कॉम्प्युटर आणले. बघा, आकड्यांची अशी गंमत होते आता.

त्या सोमवारी माझ्या टेबलावर परीक्षा मंडळाचं पत्र होतं. गुरुवारी निरीक्षक येणार. अकरा ते दोन, सलग तीन तास, दहाही कॉम्प्युटर न थांबता चालले पाहिजेत. शिवाय सगळे गॅरंटीत हवेत, विक्रेत्याचं सील शाबूत हवं. यातलं एक जरी चुकलं, तरी जूनची परीक्षा अकोल्याला.

अकोला काही लंडन नाही. एसटीनं तासाभराचा रस्ता. पण माझ्याकडे त्या वर्षी सतरा मुली होत्या, आणि त्यातल्या निम्म्यांच्या घरून "गावात आहे म्हणून शिक" एवढ्याच अटीवर परवानगी मिळालेली होती. त्या दिवशी जाताना नसरीन दारात थांबली. बेकरीवाल्या रशीदभाईंची मुलगी, हात असा चालायचा की पाहत राहावं.

"मॅडम, सेंटर अकोल्याला गेलं तर अब्बा नाहीच म्हणतील," ती म्हणाली. "मग मी उद्यापासून यायचं का?"

"सेंटर कुठंही जात नाही," मी म्हणाले. "तू ये."

बोलून बसले. ते खरं कसं करायचं याची मला काही कल्पना नव्हती.

*

आमच्या संस्थेच्या मागच्या भिंतीला लागून जिनिंग फॅक्टरी होती. दिवाळीपासून होळीपर्यंत तिथं सरकी वेगळी व्हायची आणि कापसाची बारीक रुई सगळ्या आळीवर उडायची. कडुलिंब पांढरा, तारा पांढऱ्या, वाळत घातलेले पापड पांढरे. टाइपरायटरला रुईचं काही वाटत नसे. सकाळी ब्रश मारला की झालं. पण कॉम्प्युटर आले तेव्हा माझ्या नणंदबाई गयाताई म्हणाल्या, "हे एवढं महागाचं लेकरू उघडं ठेवशीन का?"

गयाताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या. माझे यजमान गेल्यावर त्या माझ्याकडे राहायला आल्या, की मी त्यांच्या आधारानं राहिले, ते सांगणं कठीण आहे. शाळेचे गणवेश शिवायच्या. उरलेल्या निळ्या चौकड्याच्या कापडातून त्यांनी दहाही डब्यांना फ्रॉक शिवले. पुढं बटण दाबायला आणि फ्लॉपी घालायला झडप, मागं तारांसाठी चीर, खाली इलॅस्टिक. ते फ्रॉक कधीच निघत नसत. कॉम्प्युटर चालू असतानाही अंगात फ्रॉक. गावातले लोक मुद्दाम पाहायला येत. पोस्टमास्तर म्हणाले होते, "गावंडे बाई, तुमच्या मशिनी तर पहिलीत दाखल झालेल्या दिसतात."

डब्यांच्या मागं, झाकणाच्या सांध्यावर, पांढरा चिकट कागद होता. त्यावर लाल अक्षरं: "सील तोडल्यास गॅरंटी रद्द." आणि वर अंगठ्याच्या नखाएवढा गणपती. कॉम्प्युटरसारख्या धंद्यातही गणपतीला मान आहे, हे पाहून मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. मी मुलींना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "या कागदाला नखसुद्धा लागता कामा नये." नियम म्हटला की मी पाळणारच. चोवीस वर्षांत माझ्याकडची एकही परीक्षा एक मिनिट उशिरा सुरू झाली नाही, एक मिनिट उशिरा संपली नाही.

*

मंगळवारी अकोल्याहून उमप आले. दिवाकर उमप पूर्वी रेडिओ आणि टेप दुरुस्त करायचे. मग एक दिवस दुकानावरची पाटी बदलली आणि ते कॉम्प्युटरवाले झाले. माझे दहाही त्यांनीच जोडून दिले होते. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, कायम घाम पुसणारा माणूस. कधीही "माहीत नाही" म्हणायचा नाही, हा त्याचा मोठा गुण आणि तोच दोष.

"मॅडम, आजार सापडला," दारातूनच ते म्हणाले. पिशवीतून त्यांनी एक चौकोनी काळा पंखा काढला. पुरीएवढा. "पंखा कमी पडून राहिला. वरती एक आहे, तो मागून हवा फेकते. आता त्याच्या खाली हा दुसरा लावतो. उन्हात माणूस काय करते? पंखा आपल्या तोंडाकडे करते. तसंच. बाहेरची हवा सरळ पोटात."

गयाताई चौकटीला टेकून गव्हातले खडे काढत होत्या. "आन् पोटात गेलेली हवा बाहेर कुठून येईन गा?"

"ताई, मशीनले पोट राहत नाही."

"आत्ता तर तूच म्हणला पोटात."

उमप हसले, घाम पुसला. "मॅडम, यांना चहा ठेवायला सांगा ना जी. आणि तुम्हीबी बाहेर थांबा. इंजिनिअरचं काम आहे, पायधूळ चालत नाही."

दार दोन तास आतून बंद होतं. उमप बाहेर आले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. मी आत जाऊन एकेक फ्रॉक मागून वर करून पाहिला. दहाही डब्यांच्या मागं नवा पंखा बसला होता, आणि दहाही सीलं जागच्या जागी. नखसुद्धा लागलेलं नाही.

"सील न तोडता आत पंखा बसवला," मी गयाताईंना हळूच म्हणाले. "काय हात आहे या माणसाचा!"

"शस्त्रक्रियाच म्हण," त्या म्हणाल्या.

उमपांनी दोन ग्लास पन्हं प्यायलं. "आता तुम्ही बिनधास्त झोपा. उद्या आमच्या साळ्याचं लग्न आहे वाशीमला. परवा दुपारी मी खुद्द हजर. साहेब आले की मी समजावतो त्याईला."

बुधवारी सकाळी दहाला मी दहाही कॉम्प्युटर चालू केले. दोन दोन पंख्यांचा आवाज असा भरला होता की वर्गात मोठ्यानं बोलावं लागत होतं. मुली खूश. नसरीन आली होती.

अकरा वीसला सात नंबर गेला. साडेअकराला पाच नंबर आणि एक नंबर बरोबर. बाराच्या आत दहाही बंद. सोमवारी निदान दोन तरी तग धरून होते.

मी उमपांच्या दुकानात फोन लावला. शेजारच्या दुकानदारानं उचलला.

"उमप साहेब वरातीत असतीन आता. बँडवाल्याचा नंबर देऊ का?"

मी फोन ठेवला आणि मुलींना घरी पाठवलं. नसरीन या वेळी दारात थांबली नाही. वही पोटाशी धरून, खाली बघत गेली. ते मला तिच्या सोमवारच्या प्रश्नापेक्षा जड गेलं.

*

मी रिकाम्या वर्गात बसून राहिले. उद्या निरीक्षक येणार, अर्ध्या तासात लाल शेरा मारून जाणार, आणि त्यानंतर मी इथं काय करणार होते? टाइपरायटर विकून झाले होते. गावातल्या मुलींना शिकवायला मी हे दुकान मांडलं. मुलीच आल्या नाहीत तर कुलूपच.

गयाताई आत आल्या. ओच्यात कांदे होते. त्यांनी प्रत्येक डब्यावर एकेक कांदा ठेवायला सुरुवात केली.

"ताई, हे काय?"

"लू लागली त्याईले. दुसरं काय? बाराच्या उन्हात पडतेत, सांजच्याले उठून बसतेत. माणसाले लू लागते तशीच. कांदा जवळ असला म्हंजे लागत नाई."

आमच्या वऱ्हाडात उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवतात, ते खरं आहे. पण दहा कॉम्प्युटरवर दहा कांदे बघून मला इतक्या दुःखातही हसू फुटलं. मी हसतेय म्हणून त्याही हसल्या. हसता हसता त्यांनी सात नंबरवर हात ठेवला आणि चटकन ओढून घेतला.

"अवं माय! चुलीवरून उतरवल्यावानी तापलं हे. पंखे दोन दोन, आन् थंड का होत नाई? काढ बरं ते झाकण."

"सील आहे, ताई."

"मंग?"

"तोडलं तर गॅरंटी जाते. पत्रात लिहिलंय, सील शाबूत पाहिजे. नाहीतर केंद्र जाईल."

"आन् नाई तोडलं तर?"

"कॉम्प्युटर बंद पडतील. केंद्र जाईल."

गयाताईंनी दोन बोटं पुढं केली. "म्हंजे तोडलं तरी जाते, नाई तोडलं तरी जाते. मंग पाहून तरी जाऊ दे ना प्रमिले, आत काय होतं ते."

त्यांनी आतून शिलाई मशीनचा डबा आणला. त्यात स्क्रूड्रायव्हर होता, तेलाची कुपी, बारीक ब्रश, गोधडी शिवायची सुई. मी सात नंबरचा फ्रॉक काढला आणि त्या सीलवर अंगठ्याचं नख ठेवलं. सांगायला लाज वाटते, मी ते नख दोनदा उचलून पुन्हा ठेवलं. एक्कावन्न वर्षांची बाई मी. शेवटी डोळे मिटून ओढलं. गणपती अर्धा इकडं, अर्धा तिकडं.

झाकण उघडल्यावर गयाताई आत वाकल्या. मग म्हणाल्या, "याच्यात तर गादी भरून हाय!"

खरोखर गादीच होती. आत मधोमध अॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा एक तुकडा, त्यावर रुपयाच्या दुप्पट एवढा लहान पंखा. तो पंखा इमानानं फिरत असणार, पण खाली पात्यांच्या मध्ये राखाडी रुई इतकी घट्ट दाबून बसली होती की टाचणी जाईना. दीड वर्षाची रुई. फ्रॉकाच्या चिरेतून आत गेलेली आणि फ्रॉकामुळेच बाहेर न पडलेली.

गयाताईंनी सुईनं ती सोडवून काढली. पोळीसारखी अखंड निघाली. मी ब्रशनं पाती साफ केली. मग झाकण उघडंच ठेवून आम्ही बटण दाबलं.

"थांब," गयाताई म्हणाल्या. त्यांनी काढलेल्या रुईतला एक पुंजका दोऱ्याच्या टोकाला बांधला आणि डब्याच्या मागं, वरच्या जुन्या पंख्यासमोर धरला. पुंजका बाहेर उडाला. खालच्या, उमपांच्या नव्या पंख्यासमोर धरला. पुंजका आत खेचला गेला. पुन्हा वर, पुन्हा खाली. वरून बाहेर, खालून आत.

"आता मधे धर," मी म्हणाले.

त्यांनी दोरा दोन्हींच्या मध्ये धरला. पुंजका वरच्या पंख्याच्या झोतात थरथरला, वळला, आणि सरळ खालच्या पंख्यात शिरला.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. वरच्यानं बाहेर टाकलेली गरम हवा खालचा तशीच परत आत घेत होता. मागं वीतभरावर भिंत, वरून फ्रॉक. तीच तीच हवा फिरून फिरून तापत होती.

"पाह्य आता," गयाताई म्हणाल्या, "घरी कूलर लावला की आपण काय करतो? समोरची खिडकी उघडतो. नाई उघडली तर?"

"खोलीत नुसती वाफ."

"बारक्या पोराले समजते. पुढून येऊ द्या, मागून जाऊ द्या. एवढंच तर हाय!"

पंखा चार स्क्रूंवर होता. काढला, उलटा केला, परत बसवला. फ्रॉक बाजूला ठेवला, टेबल भिंतीपासून दोन हात पुढं ओढलं आणि समोरची खिडकी उघडली, जी मी रुईच्या भीतीनं दीड वर्ष बंद ठेवली होती. मी मागच्या पंख्यावर हात धरला. गरम वारा लागत होता. अर्ध्या तासानं धरला, तोही गरम, पण बोचणारा नाही. दुपारचे तीन वाजले, बाहेर रस्त्यावर कुत्रंही नव्हतं, आणि सात नंबर चालू होता.

मग उरलेली नऊ सीलं. पहिल्यासाठी मला डोळे मिटावे लागले होते. शेवटची तीन तर मी बोलता बोलता फाडली.

सांजवात लावायच्या वेळेला दहाही झाले. गयाताई दहा फ्रॉकांच्या घड्या घालत होत्या. शेवटचा फ्रॉक हातात धरून त्या म्हणाल्या, "भर उन्हाळ्यात लेकराले स्वेटर घालून बसवलं मी. पडन नाई तर काय?"

*

गुरुवारी बरोबर दहा पन्नासला निरीक्षक काळमेघ आले. उंच, किडकिडीत, पांढरा बुशशर्ट, हातात टंकलिखित यादी. शर्टाच्या खिशात कांदा होता. गयाताईंनी तो पाहिला आणि माझ्याकडे विजयी मुद्रेनं बघितलं.

रात्रभर ठरवलं होतं की आल्या आल्या सीलचं सांगायचं. गयाताई म्हणाल्या होत्या, "विचारल्याबिगर बोललीस तर माह्याशी गाठ आहे." मी तोंड उघडेपर्यंत काळमेघ म्हणालेही, "आधी चाचणी. कागदपत्रं नंतर. सुरू करा."

दहा मुली बसल्या. सात नंबरला नसरीन. तिला मी निरोप पाठवला होता. रशीदभाई स्वतः सोडून गेले होते आणि बाहेर सायकलला टेकून उभे होते.

अकरा. साडेअकरा. बारा. काळमेघ हात मागं बांधून रांगांमधून फिरत होते. बारा दहाला माझे कान आपोआप टवकारले. घरघर खाली गेली नाही. साडेबाराला त्यांनी पाणी मागितलं. गयाताईंनी पन्हं दिलं. एक वाजला.

एक वाजता ते एका डब्याच्या मागं वाकले. हात पुढं केला, पंख्यासमोर धरला. तसाच धरून ठेवला, बराच वेळ. मग दुसऱ्या डब्यामागं. मग चष्मा काढून जवळून पाहिलं.

"मॅडम, सील कुठं आहे?"

मुलींची बोटं थांबली.

"तुम्ही टाइप करा गं," मी म्हणाले. मग त्यांच्याकडे वळले. "मी तोडलं, साहेब. दहाही. काल."

"यादीत कलम चार वाचलं होतं ना?"

"पाठ आहे मला."

"मग?"

"सील होतं तेव्हा हे बाराला बंद पडत होते. आत रुई होती. ती काढायला दुसरा रस्ता नव्हता."

"विक्रेत्याला बोलवायचं."

"विक्रेता वरातीत होता, साहेब."

मागं कोणीतरी खुदकन हसलं. काळमेघ हसले नाहीत. "मॅडम, चोवीस वर्षांचं तुमचं रेकॉर्ड मी वाचून आलो. एक शेरा नाही. आणि आज तुम्हीच... मी काय लिहू इथं? यंत्रं चालतात हे मला दिसते. पण कलम चार मी माझ्या मनानं खोडू शकत नाही."

"खोडू नका," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण मला ओळखू येईना. "जे आहे ते लिहा. फक्त दोन वाजेपर्यंत मुलींना टाइप करू द्या. त्यांनी काही तोडलेलं नाही."

एवढ्यात दारात उमप उभे राहिले. डोक्यावर लग्नातली नवी टोपी, कपाळाला कुंकवाचा मोठा टिळा, एका हातात लाडवांचा पुडा आणि दुसऱ्या हातात ती पिशवी.

"नमस्कार साहेब! मी उमप. विक्रेता," ते हसत आत आले आणि चालता चालता त्यांची नजर पहिल्या डब्याच्या मागं गेली. थबकले. दुसऱ्याच्या मागं पाहिलं. पंख्याचं तोंड फिरलेलं त्यांना न कळायला ते काही आंधळे नव्हते. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण टोपीखालून घामाची धार आली.

"हे जादा पंखे कोणी बसवले?" काळमेघांनी विचारलं.

उमपांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरणार नाही. वर्गात उत्तर न येणारा मुलगा बाईंकडे बघतो ना, तसं. मला बोलायला एकच वाक्य पुरलं असतं. त्यांनी पंखे उलटे लावले, म्हणून मला हे करावं लागलं. खरं होतं. आणि मग त्यांच्या दुकानातून तालुक्यात कुणी टाचणीही घेतली नसती.

"उमपांनीच आणून बसवले, साहेब," मी म्हणाले. "पंखे उत्तम आहेत. त्यांच्यामुळंच चाललंय. आम्ही नुसती रुई काढली."

गयाताईंनी तोंडाला पदर लावला.

उमपांनी घाम पुसला. लाडवांचा पुडा टेबलावर ठेवला. "मग अडचण काय आहे, साहेब?"

"सील नाही."

"सीलच ना?" उमप खाली बसले, पिशवीत हात घातला, पकड बाजूला केली, एक केळं बाजूला केलं, आणि पापडाच्या गठ्ठ्याएवढं एक भेंडोळं वर काढलं. पांढरी पट्टी, त्यावर ओळीनं शेकडो गणपती आणि शेकडो वेळा लाल अक्षरं: सील तोडल्यास गॅरंटी रद्द. "हे घ्या. किती पाह्यजेत?"

मी त्या भेंडोळ्याकडे बघतच राहिले.

"हे... हे कुठून येतं?" काळमेघांनी विचारलं. त्यांचाही आवाज बदलला होता.

"आमच्या दुकानामागं लग्नपत्रिका छापतेत ना, त्यांच्याकडून. हजाराच्या खाली छापत नाहीत. आणि गणपतीबिगर त्यांचं मशीनच चालत नाही, मी म्हटलं राहू दे, शुभ असते."

म्हणजे मंगळवारी दोन तास बंद दाराआड ही शस्त्रक्रिया झाली होती! जुनी सीलं टराटरा फाडून, पंखे बसवून, वर नवी चिकटवून. आणि मी बाहेर उभी राहून त्या हाताचं कौतुक करत होते. दीड वर्ष ज्या कागदाला मी मुलींचं नख लागू दिलं नाही, तो या पिशवीत केळ्याला चिकटून होता.

काळमेघांनी यादी डोळ्यांजवळ नेली. दोनदा वाचली. "कलम चार: विक्रेत्याचं सील शाबूत असावं," ते सावकाश म्हणाले. "विक्रेता हजर आहे. आत पाहून, खात्री करून, त्यानं माझ्यासमोर लावलं तर ते विक्रेत्याचंच सील. लावा."

उमपांनी खरंच एकेका डब्याचं झाकण काढून आत पाहिलं. मुली टाइप करत होत्या, ते मागं गुडघ्यावर सरकत होते. सात नंबरपाशी थांबून, काळमेघ दूर असताना, मला अगदी हळू म्हणाले, "मॅडम, हवा बाहेर?"

"बाहेर," मी म्हणाले. "कूलरसारखं."

"तुमच्या ताईनं विचारलं होतं ना मले. पोटातली हवा कुठून निघन म्हणून." त्यांनी सील दाबून बसवलं. "मी हसलो तिला."

"तिला सांगू नका. आधीच फार चढलीय."

दोन वाजता घड्याळाचे टोले पडले. दहाही पडदे उजळलेले होते. काळमेघांनी सही केली, शिक्का मारला, लाडू घेतला. ते बाहेर पडताना रशीदभाईंनी सायकल सोडून त्यांना विचारलं, "साहब, इम्तिहान यहीं होगा ना?"

"इथंच," काळमेघ म्हणाले. रशीदभाईंनी आत वळून मुलीला नुसती मान हलवली. नसरीननं मला. मी फळ्याकडे तोंड केलं आणि सोमवारी अर्ध्यावर राहिलेल्या तारखा पुऱ्या लिहिल्या.

परीक्षेत सतरापैकी सोळा पास झाल्या. सतरावीचं परीक्षेच्या आठवड्यातच लग्न ठरलं. तिनं पुढच्या वर्षी दिली, नवऱ्याला बाहेर बाकावर बसवून.

पण माझ्यासाठी त्या गोष्टीचा शेवट परीक्षेच्या आधीच झाला होता. निरीक्षणानंतरच्या सोमवारी दुपारी साडेबाराला फोन वाजला. अकोल्याहून.

"मॅडम, काळमेघ बोलतो." मग नुसता घसा खाकरल्याचा आवाज. शेरा बदलला की काय?

"बोला ना साहेब."

"नाही, म्हणजे... आमच्या ऑफिसात एक कॉम्प्युटर आहे. माझ्याच टेबलावर. तो रोज बाराला बंद पडते. दोन उन्हाळे झाले. मी आपला चारनंतर काम करतो. त्या दिवशी तुमच्याकडे हात धरून पाहिला, हवा बाहेर येत होती. आमच्या इथं काहीच येत नाही."

"दुरुस्तीवाला?"

"अर्ज केला आहे. गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये." मग आवाज खाली आला. "त्याच्या मागं सील आहे, मॅडम. सरकारी. खाली साहेबाची सही आहे."

गयाताई समोर बसून मशीनवर गणवेश शिवत होत्या. त्यांनी पाय थांबवला आणि भुवया वर केल्या.

"खोलीत कोण आहे तुमच्या?" मी विचारलं.

"कोणी नाही. सगळे जेवायला गेले."

"मग दार लावून घ्या."

दार लावल्याचा आवाज आला. खुर्ची ओढल्याचा आला. त्यानंतर इतका वेळ शांतता होती की मला वाटलं लाइन कटली. माझ्या अंगठ्याला त्यांचा अंगठा कळत होता.

मग फोनमधून टर्रकन कागद फाटल्याचा आवाज आला.

"आता?" काळमेघ साहेबांनी विचारलं. पहिल्या दिवशी पहिल्या बाकावर बसलेल्या मुलीच्या आवाजात.

"आता झाकणाला चार स्क्रू आहेत," मी म्हणाले. "डावीकडून सुरू करा. आणि घाई करू नका, मी इथंच आहे."